वारसाच्या अंगातलं रक्त

“‘आणि’पर्यंत झालं, काका,” दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर शिडीवरून ओरडला. “पुढे काय लिहू?”

“पुत्र,” बाबा म्हणाले.

काट्याचं पारडं हातात घेऊन मुलगी दुकानातून बाहेर आली. वजनकाटे दुरुस्तीचं हे दुकान बरीच वर्षं तीच चालवत होती. हात थरथरायला लागल्यापासून बाबा फक्त देखरेख करायचे, म्हणजे खुर्चीत बसून रस्त्यावरच्या माणसांची वजनं अंदाजाने सांगायचे. धाकटा भाऊ मोठ्या आजारातून नुकता उठला होता. दुकानाबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की पंखा कोपऱ्यातल्या स्टुलावर चांगला लागतो.

“पुत्र कशाला?” मुलगी म्हणाली. “काम मी करते. कन्या लिहा, पेंटरदादा.”

“तू कामाची आहेसच गं. पण वारसाचं वेगळं असतं. त्याला रक्त लागतं. घराण्याचं रक्त याच्या अंगात खेळतंय.”

पंख्याखालून धाकटा खाकरला. “बाबा, ते माझं नाहीये. ताईचं आहे.”

पेंटरने ब्रश खाली घेतला. शिडीवरून असलं काही रोज ऐकायला मिळत नाही.

झालं होतं असं, की धाकट्याच्या हाडांमधला रक्ताचा कारखानाच बंद पडला होता. डॉक्टरांनी ताईच्या हाडांतला मगज काढून त्याला दिला. तो रुजला, कामाला लागला. आता धाकट्याचा रक्तगटसुद्धा तिचाच झाला होता. डॉक्टर हे समजावत असताना बाबा आनंदाने त्यांचा हात इतक्या जोरात हलवत होते, की ऐकायचं राहूनच गेलं.

“तांबड्या पेशी तरी तुझ्या असतील?” बाबांनी विचारलं.

“ताईच्या. त्या श्वासातली हवा अंगभर पोचवतात. जिना चढलो की आधी तीच दमते.”

“पांढऱ्या?”

“त्याही तिच्याच. परवा सर्दी झाली, तर आत भांडायला हीच. सर्दीची काय बिशाद टिकायची!”

“आणि त्या, रक्त थांबवणाऱ्या?”

“प्लेटलेट्स. दाढी करताना कापलं की ताई धावत येते.”

बाबांनी कपाळ पुसलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “अरे, रक्तात ते पिवळं पाणी असतं ना? ज्यात हे सगळं वाहतं? प्लाझ्मा! तो कुणाचा?”

“तो बराचसा माझा. पण बाबा, त्यात बहुतेक पाणीच असतं.”

“असू दे!” बाबांनी मांडीवर थाप मारली. “घराण्याचं पाणी तर आहे! लिही रे, पुत्र!”

पेंटरने ‘पु’ काढला.

मुलीने पारडं बाबांच्या मांडीवर ठेवलं. “लिहा. उद्यापासून काटे प्लाझ्माकडून दुरुस्त करून घ्या. मी समोरचा गाळा घेतेय. आणि धाकट्या, तूही चल. माझं एवढं रक्त मी इथे सोडून जाणार नाही.”

धाकटा लगेच उठला. “तिथे पंखा आहे ना?”

“लावू.”

मुलगी खरंच फुटपाथ उतरायला लागली. तिच्या मागे तिचं रक्त निघालं. बाबा मांडीवरचं पारडं सांभाळत अर्धवट उठले.

“अगं, ऐक तरी! पाटीवर तुझं नाव लिहिलं, आणि उद्या तुझं लग्न झालं तर? जावई येईल, गल्ल्यावर बसेल. पिढ्यान्पिढ्यांचं दुकान परक्या माणसाच्या हातात जाईल!”

“काय ते एकदा ठरवा, काका,” पेंटर म्हणाला. “रंग वाळतोय.”

आई इतका वेळ गल्ल्यामागे पितळी मापं घासत होती. कुणीच तिला काही विचारलं नव्हतं. तिने हातातलं माप खाली ठेवलं आणि बाहेर आली.

“पेंटरदादा, ‘पु’ पुसा. कन्या लिहा.”

मग ती बाबांकडे वळली.

“आणि अहो, माझ्या बाबांनी हे दुकान तुमच्या हातात दिलं, तेव्हा तुमचं रक्त कुणी तपासलं होतं?”