सड्यावर फिरायला

सगुणाने कवाड लोटून घेतलं आणि पदर कपाळापर्यंत ओढला. अंगणाबाहेर तिघी उभ्या होत्या. मुलींच्या शाळेतल्या दमयंतीबाई, वकिलांच्या गंगुबाई आणि दवाखान्यातली नर्स काशी. तिघींच्याही पायांत वहाणा. सगुणा अनवाणी.

"आलीस ना? बस्स. चल," दमयंतीबाई म्हणाल्या.

गेले दोन महिने या तिघी रोज उन्हं कलली की गावावरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, फिरायला जात. नुसत्याच. कमरेवर घागर नाही, डोक्यावर पाटी नाही. आळीत त्यांचं हसं झालं होतं. सगुणाच्या सासूने तर सकाळीच सुनावलं होतं, "चालायचंच हाय तर विहिरीवरनं चार घागरी जास्त आण गो! आणि मामंजींच्या कानावर गेलं, तर उद्या माहेरची वाट चालशील."

मामंजी म्हणजे रावजी तांडेल. चाळीस वर्षं गलबतावर हुकूम सोडलेला माणूस, घरातही त्याच आवाजात बोलायचा. सगुणाचा नवरा आगबोटीवर खलाशी, सध्या एडनला की कुठे. मध्ये पडायला कोणी नव्हतं.

म्हणून सगुणाने एक उत्तर घोकून ठेवलं होतं. कोणी विचारलं तर सांगायचं, भगवतीच्या देवळात चाललेय.

पहिल्याच वळणावर लाकडांचा भारा घेऊन उतरणारी तुळसा भेटली. "काय गो सगुणा, कुठं?"

"देवळात."

गंगुबाईंना हसू आलं. सगुणाच्या कानशिलांना मात्र चटका बसल्यासारखं झालं.

चढण संपली, देवळाचा फाटा आला. तिघी तिकडे न बघता डावीकडे, कड्याच्या वाटेला लागल्या. सगुणा फाट्यावर घुटमळली. इथून पुढे कोणी विचारलं तर काय सांगायचं? मागे फिरावं तर एकटीने आळीतून जायचं. ती त्यांच्यामागोमाग गेली.

कार्तिकातलं गवत पिवळं पडलं होतं. कातळ अजून तळव्यांना ऊन लागत होता. काशी कुठल्याशा रोग्याची गंमत सांगत होती, त्याने म्हणे मलम खाऊन टाकलं. दोघी खळखळून हसल्या. सगुणाला शब्द ऐकू येत होते, पण हसायचं कुठे ते कळत नव्हतं. ती सारखी मागे वळून घरांची कौलं बघत होती.

त्यामुळे समोरचं तिला उशिरा दिसलं. वाटेकडेच्या गडग्यावर, दगडांच्या बुटक्या बांधावर, तिघे म्हातारे मुंबईची आगबोट बघत बसले होते. टोकाला, काठीवर हनुवटी टेकून, रावजी.

"रावजी, अरे तुझी सून!" त्यातला धोंडू ओरडला. "हवा खायला निघाली वाटतं! आता रात्रीच्या भाकऱ्या तू थाप!"

दुसरा म्हातारा खोकेपर्यंत हसला. रावजी उठले. काठी टेकत सरळ सगुणासमोर येऊन उभे राहिले.

"कुठं?"

देऊळ मागे राहिलं होतं.

"तांडेलकाका, मीच तिला..." दमयंतीबाई पुढे झाल्या.

"मी हिला विचारतोय, मास्तरीणबाय."

"फिरायला," सगुणा म्हणाली.

"डॉक्टरनं सांगितलंय?"

"नाय."

"मग?"

सगुणा खाली बघत राहिली. बोलली, तेव्हा तिचं तिलाच धड ऐकू आलं नाही.

"घरात बसलं की आढ्याची कडी दिसते, मामंजी. पाळण्याची."

श्रावणात पाळणा उतरवला होता, तो रावजींनीच. त्यानंतर त्या घरात कोणी बाळाचं नाव काढलं नव्हतं.

गडग्यावरचं हसणं थांबलं. रावजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुढच्या वाटेकडे. ती वाट कड्याला अगदी लागून जात होती, आणि खाली खडकांवर लाट फुटत होती.

"पुढं कडा ढासळलाय," ते दमयंतीबाईंना म्हणाले. "हिला आतल्या अंगानं घ्या."

आणि पाठ फिरवून गडग्याकडे गेले.

चौघी पुढे निघाल्या. सगुणा आतल्या बाजूने. घरी गेल्यावर काय होणार? माहेरी धाडायचं असतं तर इथेच बोलले असते. की चारचौघांत नको, म्हणून गप्प राहिले?

"अगो," काशी हळूच म्हणाली, "मागं बघ."

सगुणाने मान वळवली. तीस-चाळीस पावलांवर रावजी येत होते. गुडघा दुखतो, म्हणून चार पावलांवर टेकायला जागा शोधणारा माणूस. काठी कातळावर टकटक वाजत होती. नजर समुद्राकडे होती. पुढे चाललेल्या बायकांशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा.

सगुणाने पदर खांद्यावर सारखा केला.

"दमयंतीबाई," ती म्हणाली, "जरा हळू चालूया."