पाणी घरून आणा

"ताई, बाटली आत नेता येणार नाही," सभागृहाच्या दारावरचा गार्ड म्हणाला.

"अहो, तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय ना, पाणी घरून आणा, कचरा टाळा म्हणून? ही स्टीलची आहे. लेक पहिलीत होती तेव्हापासूनची."

"स्टीलची तर मुळीच नाही. कुणी स्टेजवर फेकून मारली म्हणजे?"

तणतणत मी ती दाराशेजारच्या बाटल्यांच्या ढिगात टाकली. आत गाण्याआधी पर्यावरणाची शपथ झाली, टाळ्या झाल्या आणि प्रत्येकाच्या हातात सभागृहाचं नाव छापलेली नवीकोरी स्टीलची बाटली पडली. जाऊ दे, म्हटलं, भरपाई तरी झाली.

मध्यंतरात फोन आला म्हणून नवी बाटली हातात तशीच घेऊन बाहेर गेले. परत आत शिरताना गार्डने हात आडवा घातला.

"ताई, बाटली."