शनिवारचा फुगा

फुगा हातातून सुटला तेव्हा लमार टिडवेलने सवयीने टोपी काढून वर पाहिलं. नडीनने मात्र मान फिरवली. हा शेवटचा फुगा होता, आणि तो शेवटचा ठरला होता तिच्याच अहवालामुळे.

सव्वीस वर्षं, दर शनिवारी, उत्तर अलाबामातल्या एका कॉलेजमागच्या मैदानातून लमार ओझोन मोजणारी थर्मोकोलची पेटी फुग्याला बांधून आकाशात सोडत आला होता. नडीनला पेटी बांधायला त्यानेच शिकवलं. पुढे ती उपग्रहाच्या मोजमापातल्या चुका हुडकणाऱ्या गटाची प्रमुख झाली, आणि परवा तिने लिहून दिलं: जमिनीलगतच्या ओझोनची महिन्याची सरासरी उपग्रह आता फुग्याइतकीच अचूक देतो. वरिष्ठांना तेवढंच हवं होतं. फुगे बंद. लमारला हे कळलं तेव्हा त्याने तिचं तोंडभरून कौतुक केलं, वर पीचची फळं घालून भाजलेलं गोड कॉब्लर डबाभर आणून दिलं. त्यापेक्षा त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पेटीचे आकडे रेडिओवरून येऊ लागले. बाहेर जुलैचं ऊन रणरणत होतं, पानही हलत नव्हतं. जमिनीलगतचा आकडा आला अठ्ठ्याऐंशी. लमारने भुवया उंचावल्या. असली हवा लहान मुलांच्या छातीला बाधते.

दीडच्या सुमाराला उपग्रह डोक्यावरून गेला. त्याचा आकडा हाती यायला दुपार कलली. तोवर दोघं गार गोड चहा पीत बसली. आता निवांत मासे धरायला जाईन, असं लमार म्हणाला. त्याला मासेमारीचा मनस्वी कंटाळा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

उपग्रहाचा आकडा आला. एकावन्न.

एखाद्या दिवशी होतं असं, नडीन ओशाळून पुटपुटली. लमारने चष्मा चढवला आणि पडद्यावरच्या आकड्यांच्या रांगेवरून, खालून वर, सावकाश बोट फिरवलं.

“हे चुकलेलं नाही, पोरी,” तो म्हणाला. “हे आजचं नाहीच. ही माझी जुलैची सरासरी आहे. झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.”

नडीनने खुर्ची पडद्याजवळ ओढली. वरचा दाट ओझोन आड येतो, त्यामुळे उपग्रहाला जमिनीलगतचं धड दिसत नाही. दिसत नाही तिथे गणितात आधीच एक अंदाज भरून ठेवतात. हे सगळं ती विद्यार्थ्यांना शिकवायची. पण इथला अंदाज कुणाच्या आकड्यांवरून बांधलाय, एवढं पाहायचं तिचं राहून गेलं होतं. तिने जुनी नोंद उघडून वाचली. अंदाज लमारच्याच फुग्यांच्या आकड्यांवरून बांधलेला होता; म्हणूनच सरासरी जुळत होती. मग तिने फोन उचलला आणि वरिष्ठांना सांगितलं की अहवाल चुकलाय, चूक माझी आहे, आणि फुगे बंद करता येणार नाहीत.  

“म्हणजे इतके दिवस उपग्रहाला खालचं दिसतच नव्हतं?” लमारने विचारलं.

“फारसं नाही, मिस्टर लमार.” नडीनचे डोळे भरून आले होते. “तो तुमच्या शब्दावर विसंबून होता.”