सांगायचं नाही

मुलांनो, जरा अशी कल्पना करा. तुम्हाला उत्तर येतंय. अगदी ओठांवर आलंय. शेजारी तुमची आजी चुकतेय, सगळे तिच्याकडे बघताहेत, आणि तुम्हाला बजावून ठेवलंय, की एक शब्दही सांगायचा नाही.

उर्वशी तशीच बसली होती. घाटंजीच्या देशी बियाणे मंडळाच्या खोलीत, नलूआजीला खेटून, ओठ घट्ट मिटून.

सांगायचं नाही, हा नियम आभाताईंचा. मंडळाची वेबसाइट नव्यानं करायला त्या यवतमाळहून आल्या होत्या. लोक ती कशी वापरतात ते आधी बघायचं आणि मगच बदलायची, अशी त्यांची पद्धत. सभासदाच्या हातात फोन द्यायचा आणि आपण वही घेऊन समोर बसायचं. तो अडला तरी मदत करायची नाही. कुठे अडला तेवढं टिपून घ्यायचं.

नलूबाईंना ही पद्धत बिलकूल आवडली नव्हती.

"म्याडम, तुमाले येते न हे? मंग सांगून काहून नाही राह्यल्या?"

"तुम्हाला वाटेल तसं करा, आजी. तुमचं काही चुकत नाहीये."

"चुकत नाही तं पुढं काहून जात नाही?"

भिंतीला टेकून उभे असलेले मंडळाचे चिटणीस श्रीकृष्णराव हसले. "वेबसाइट उत्तम आहे, आभाताई. बदलायची असतील तर माणसं बदला."

सभासदत्व नवं करायचा आज शेवटचा दिवस होता, आणि ते फक्त वेबसाइटवरच होत होतं. संध्याकाळनंतर जो सभासद नसेल, त्याला पेरणीसाठी मंडळाचं बियाणं मिळणार नव्हतं. मागच्या फळीवर, राखेत घोळलेल्या बियाण्यांची मडकी ओळीनं मांडलेली होती. त्यातली बरबटी, म्हणजे चवळी, नलूबाईंनीच मंडळाला दिलेली. गेल्या साली घरात पाणी शिरलं आणि त्यांच्याकडची सगळी कुजली. आता ती बरबटी फक्त त्या मडक्यात होती.

गल्लीतल्या बायकांचं सभासदत्व उर्वशीनंच करून दिलं होतं. आजीनं मात्र फोनला हात लावू दिला नव्हता. "माहं मी करीन," म्हणाली होती.

नाव झालं. गाव झालं. मग पडद्यावर चित्रांचे चौकोन आले. नलूबाईंनी वरची ओळ एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली.

"तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. अग्निशामक नळ असलेली चित्रं निवडा."

चौकोनांत कुठल्या तरी परक्या गावचे रस्ते होते. रुंद, स्वच्छ, रिकामे. नलूबाईंनी नळ शोधला. एका घराच्या भिंतीवर पाइप दिसला, त्यावर बोट ठेवलं. लाल अक्षरं उमटली : पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्या चित्रात पाण्याची टाकी होती, त्यावर ठेवलं. पुन्हा तेच.

उर्वशीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मनावर घेऊ नका, नलूबाई," श्रीकृष्णराव म्हणाले. "ते यंत्र आहे. माणूस आहात का, असं सगळ्यांनाच विचारतं."

नलूबाईंनी फोन सतरंजीवर पालथा ठेवला.

"माह्या बापाले गावानं जलमभर हेच विचारलं, श्रीकृष्णराव. सांगू सांगू मेला तो. मी नाही सांगत."

आभाताईंची पेन्सिल थांबली. त्यांनी वही मांडीवर ठेवली. "आज कागदावर नावं लिहून घेऊ. पान दुरुस्त होईपर्यंत मुदत वाढवा."

"नाही. कार्यकारिणीचा ठराव आहे. आणि ज्याला एवढंसं जमत नाही, त्यानं सभासद तरी कशाला व्हावं?"

"तुमाले जमलं काय, काका?" उर्वशीनं विचारलं.

श्रीकृष्णरावांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "मी आजीव सभासद आहे. आम्ही कार्यकारिणीतले सगळेच आजीव. आम्हाला ते पान उघडावं लागत नाही."

उर्वशीनं फोन उचलला.

"हां, करून टाक आजीचं. संपव एकदाचं," श्रीकृष्णराव म्हणाले.

"नोको करू, उर्वशे," आजी म्हणाली.

उर्वशी उठली, आणि फोन तिनं श्रीकृष्णरावांपुढे धरला. "तुमीच करा न, काका. एवढंसंच तं आहे."

"आण इकडे." ते खुर्ची ओढून बसले. चष्मा लावला, बोट उचललं आणि ठेवलं. लाल अक्षरं आली. त्यांनी रुमालानं पडदा पुसला, पुन्हा ठेवलं. पुन्हा लाल. बाजारातून परतणाऱ्या चार-दोन बायका पिशव्या घेऊन दारात थबकल्या होत्या. त्यातली एक पदराआड हसली.

"हसायला काय झालं?" श्रीकृष्णराव ओरडले. "हा कसला नळ! आपल्याकडे असतो का कुठे असला नळ?"

त्यांनी आणखी एकदा बोट ठेवलं. मग मान खाली घालून, फक्त उर्वशीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कसा असतो गं तो?"

उर्वशीला माहीत होतं. रस्त्याच्या कडेला उभा असतो, बुटका, लाल. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.

तिनं आभाताईंच्या मांडीवरची वही-पेन्सिल उचलली, श्रीकृष्णरावांच्या समोर मांडी घालून बसली, कोरं पान काढलं आणि त्यांच्या बोटाकडे बघत गप्प राहिली.