चिऱ्यावर ठोकलेला खिळा

रस्त्याकडेला बूट-चपला शिवणाऱ्या मालनबाईंनी रावजीच्या उजव्या बुटात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला होता.

रावजीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे बघत होता. तिथे त्याची शाळेची व्हॅन उभी होती आणि स्वरूप मेकॅनिक आठवड्यात तिसऱ्यांदा तिचे ब्रेक तपासत होता. साडेबाराला शाळा सुटायची होती. अकरा मुलं घरोघर सोडायची होती. रावजी घाबरला होता, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती. व्हॅनचा ड्रायव्हरच भितो हे आईबापांना कळलं, तर उद्या गाडीत एक मूल बसायचं नाही.

भीती बुधवारपासूनची. नाचणे गावाकडच्या उतारावर अचानक म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला. निदान त्याला तसं वाटलं. गाडी तशीच पुढे घरंगळली आणि कडेच्या दगडी गडग्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. रावजीच्या तोंडचं पाणी पळालं. मुलं मात्र खूश होती. पुढच्या सीटवरची सावनी तर म्हणाली, "काका, परत करा ना तसं." त्या दिवसापासून डोळा लागला की त्याला तो गडगा दिसायचा आणि पोरीचं हसू ऐकू यायचं.

तेव्हापासून तो स्वरूपच्या मागे लागला होता, ब्रेक लागत नाही म्हणून. स्वरूप गाडी फिरवून आणायचा आणि म्हणायचा, लागतोय की. तरी त्याने ऑइल बदललं, पॅड बदलले. काल बाजारात परत तेच झालं. पुढची रिक्षा थोडक्यात वाचली.

"ह्यो खिळा कोणी मारलान?" मालनबाईंनी बोट पदराला पुसत विचारलं.

"मीच. सोमवारी." एवढ्या काळजीतही रावजीला जरा बरं वाटलं. घरच्या घरी दुरुस्तीचा त्याला भारी नाद. छत्रीची काडी म्हणा, मिक्सरचं भांडं म्हणा, काही बाहेर द्यायला त्याचा जीव व्हायचा नाही. बुटाची टाच सुटली तेव्हा बायको, राही, म्हणाली नवे घ्या आता. ह्याने परसातला जांभ्या दगडाच्या चिऱ्याचा तुकडा बुटात आधाराला कोंबला, वरून टाचेत दोन खिळे ठोकले आणि मिशीला पीळ देत बूट तिच्यापुढे धरला. आज टाच पुन्हा हलायला लागली. गॅरेजमध्ये नुसतं उभं राहवेना, म्हणून तो इकडे येऊन बसला होता.

"चिऱ्यावर ठोकलात, होय ना?" मालनबाईंनी आपल्यासमोरच्या तिपायी लोखंडावर टिचकी मारली. "ह्याच्यावर ठोकला की खिळ्याचं टोक वळतं, आतल्या आत बसतं. चिरा मऊ. तुमचा खिळा सरळ वर आलाय."

त्यांनी बूट उजेडात धरला. टाचेच्या बरोबर मध्ये खिळ्याचं टोक उभं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

"सोमवारपासून ह्येच घालताव?"

"रोज. सकाळी सहापासून पायात असतात."

"आन् लागत नाय?"

"छे. अजिबात नाही."

हे तो हसून म्हणाला. मालनबाई हसल्या नाहीत. "मोजा काढा," त्या म्हणाल्या.

मोज्याच्या टाचेला तांबूस डाग होता. आठवडाभर राही तो घासत होती आणि मातीच्या नावाने बोटं मोडत होती. रत्नागिरीत तांबड्या मातीच्या डागाकडे कोण बघतो? गाडीतून उतरताना आधी उजवा पाय खाली येतो, म्हणून उजवाच मोजा जास्त मळतो, असं रावजीने तिला समजावलंही होतं.

मोजा निघेना. टाचेला चिकटला होता. त्याने ओढला तेव्हा खपलीसकट आला आणि खालची जखम उघडी पडली. कडा पांढऱ्या झाल्या होत्या, मध्ये भोक होतं. रावजी त्या पायाकडे परक्याचा पाय असल्यासारखा बघत राहिला. मग त्याने जखमेशेजारी बोट दाबलं. अजून जोरात दाबलं. बोटाला टाच कळली. टाचेला बोट कळलं नाही. मग ब्रेकवर ठेवायचा तो चवडा दाबला; त्यालाही नाही.

त्याची पाचावर धारण बसली.

"साखर हाय?" मालनबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"आहे. गोळी घेतो. आठवण झाली की घेतो."

"हितं आमचे हे बसायचे. ते पण असंच म्हणायचे, कायच लागत नाय." त्यांनी बूट बाजूला ठेवला. "आता घरात असतात. गुडघ्याखाली पाय नाय. आज डॉक्टरकडे जा, भाऊ. उद्या नको."

रावजीने मान हलवली. पण त्याला डॉक्टर दिसत नव्हता, पाय दिसत नव्हता. त्याला उतार दिसत होता आणि आडवी आलेली म्हैस.

स्वरूप फडक्याला हात पुसत रस्ता ओलांडून आला. त्याने व्हॅनची किल्ली पुढे केली. "काका, देवाशपथ सांगतो, काही प्रॉब्लेम नाही. मी स्वतः उतारावरून दोनदा आणली. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. निघा, मुलं सुटतील."

रावजीने किल्ली घेतली नाही.

"स्वरूप, आज मुलांना तू सोड."

"मी? अहो, अजून तुम्हाला वाटतंय ब्रेक लागत नाही?"

रावजीने किल्लीवरची त्याची मूठ दोन्ही हातांनी मिटवली.

"ब्रेक लागतोय रे," तो म्हणाला. "मलाच लागत नाही."