चौथं कार्ड

"पुन्हा मोज," फेमके म्हणाली.

"परत?" डुकोने मोजणीची दुर्बीण तिकाटण्यावर नीट बसवली. जमिनीच्या कामाचा तो प्रमुख. "आकडे तुझं तोंड बघून बदलत नाहीत, बाई." क्रेनच्या कालव्याकडच्या पायाखाली जाड लाकडी फळ्या टाकल्या होत्या. त्यांच्यावर नेम धरून त्याने आकडा वाचला. "हललेलं नाही. मर्यादेच्या आत. खूश?"

"ठीक आहे," ती म्हणाली, डोक्यावरचं पांढरं हेल्मेट मागे सारून वाकली आणि बुटाच्या टोकाने फळीची कड दाबून पाहिली. कडेची वाळू ओली होती. पण कालव्याच्या काठावर वाळू ओली असायचीच.

शनिवारची दुपार होती. रेल्वेमार्ग शुक्रवारपासून बंद होता आणि सोमवारी लेउवार्डेनची पहिली गाडी कालव्यावरच्या नव्या पुलावरून जायची होती. जुना लोखंडी पूल दोन्ही टोकांना सुटा झाला होता आणि क्रेनचे पट्टे त्याला बांधले होते. अजून सगळे बोल्ट परत आवळता येत होते. पूल एकदा उचलला की खालचे जुने आधार फोडायचे होते, मग मागे फिरणं नव्हतं. आणि मार्ग असा बंद ठेवायला रेल्वे पुन्हा परवानगी देणार होती ती दीड वर्षाने.

साइटवरच्या कंटेनरची एक भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी भरली होती. प्रत्येक तुकडीचा रंग वेगळा. प्रत्येक चिठ्ठीवर एक काम आणि त्याची वेळ. ज्याचं काम, त्यानेच चिठ्ठी लावायची. भिंतीच्या मधोमध काळी पट्टी होती. ती निर्णयाची वेळ. तिथे चारही तुकड्यांच्या प्रमुखांनी आपापलं कार्ड दाखवायचं, एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने लाल. चारही हिरवी असली तरच पुढे जायचं. एक जरी लाल निघालं तरी काम थांबणार, आणि लाल का, हे कोणीही विचारायचं नाही. कारण सांगायला लावलं की माणसाला वळवता येतं.

ही पद्धत फेमकेनेच बसवली होती. स्वतःला मात्र तिने कार्ड ठेवलं नव्हतं. "प्रकल्पप्रमुखाला थांबायचं कधीच नसतं," पहिल्या बैठकीत ती म्हणाली होती. "त्याचं मत घ्यायचं कशाला?" तेव्हा सगळे हसले होते.

आज कोणी हसत नव्हतं. कंपनीचे संचालक रुलॉफ्स सुट्टी असूनही आले होते आणि तिच्या मागे उभे होते. तिचा मागचा पूल उशिरा पुरा झाला होता. "याही वेळी उशीर झाला, तर पुढचा पूल दुसरं कोणीतरी बांधेल," असं त्यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, तेही अगदी शांतपणे.

"कार्डं," फेमके म्हणाली.

डुकोने हिरवं दाखवलं. रुळांचं काम पाहणाऱ्या मार्लूसने हिरवं. बोल्टवाल्या ओएनेने हिरवं.

"वीत्से?" तिने वॉकीटॉकीवर विचारलं.

वीत्से क्रेन चालवायचा. तो वर केबिनमध्येच बसून होता. सगळ्यांच्या माना वर झाल्या. केबिनची खिडकी बंदच राहिली.

"झोपला की काय?" रुलॉफ्स म्हणाले.

खिडकी सरकली. एक हात बाहेर आला. त्यात लाल कार्ड होतं.

रुलॉफ्सनी फेमकेच्या हातातून वॉकीटॉकी घेतला. "वारा आहे का वर?"

"नाही," वरून उत्तर आलं.

"मग काय आहे?"

फेमकेने वॉकीटॉकी परत घेतला आणि बंद केला. "कारण विचारायचं नाही, असं ठरलंय."

"फेमके, हा शाळेतला खेळ आहे का?"

"नियमाखाली तुमचीही सही आहे."

एवढं बोलून ती वळली. "पट्टे सोडा. बोल्ट आवळा. पूल होता तसा करा."

"म्हणजे सोमवारी परत या जुन्या पुलावरून गोगलगायीच्या चालीने गाडी," मार्लूस पुटपुटली. पण ती निघाली. मागोमाग बाकीचेही.

"सोमवारी झ्वोलेला ये, माझ्या ऑफिसात," रुलॉफ्स म्हणाले. "तिथे हे नियम नाहीत. तिथे मी कारण विचारणार, आणि ते तू मला सांगणार."

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी फेमके क्रेनची शिडी चढली. वीत्से थर्मासमधून कॉफी ओतत होता. गालात नेहमीची खारट ज्येष्ठमधाची गोळी होती.

"मी नियम मोडतेय," ती म्हणाली.

"दिसतंय."

"सोमवारी मला काहीतरी सांगावं लागेल. तुला काय दिसलं? पाय खचत होता? पट्टा सरकला? कसला आवाज आला?"

"काही नाही. सगळे काटे जागच्या जागी होते."

ती दारातच बसली. "मग लाल का दाखवलंस? अरे, माझी नोकरी चाललीय, वीत्से!"

त्याने कॉफीचा पेला तिच्या हातात दिला आणि खिडकीतून खाली बोट दाखवलं. ओएनेची माणसं पुलावर बोल्ट आवळत होती.

"इथून चेहरे दिसत नाहीत," तो म्हणाला. "नुसती हेल्मेटं दिसतात. पिवळी, निळी. पांढरं एकच आहे. सकाळपासून ते कालव्याकडच्या पायाशी जातंय, वाकतंय, परत येतंय. पुन्हा तिथंच जातंय."

फेमकेने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. वीत्सेने खिशातून कार्ड काढलं आणि लाल बाजू वर करून तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्याकडे नव्हतं ना, पोरी. म्हणून माझं दाखवलं."