रफीकभाईचा डोस

"रानगुलाबाची रोपं करावीत तर किकवीच्या रफीकनं, बाकीच्यांनी नुसती माती चिवडावी," असं रफीक स्वतःच सगळ्यांना सांगायचा. मग मार्गासनीची संजीवनी पुण्याहून शिकून आली आणि तिनं घरातच प्रयोगशाळा थाटली. रानगुलाबाच्या एका फुटव्यापासून तिनं बाटल्यांत दोनशे रोपं केली, पेपरात तिचा फोटो आला, आणि रफीकची गिऱ्हाइकं त्याच्या नर्सरीवरून सरळ मार्गासनीला जायला लागली.

रफीकच्या पोटात दुखायला लागलं. एक दिवस तो सहज आल्यासारखा तिच्याकडं गेला आणि फळीवरची बाटली हेरली. वर लिहिलं होतं, टू-फोर-डी.

"हे काय वो, ताई?"

"वाढीचं औषध. पण मुंगीच्या डोळ्याएवढंच टाकायचं, रफीकभाई. जास्त झालं की रोप मरतं."

"मरतं म्हणं!" घरी येऊन तो बायकोला, जोहराला म्हणाला. "धंद्यातलं गुपित कुणी खरं सांगतं व्हय? आता बघ, तिच्या दोनशेला माझी दोन हजार!"

भोरच्या दुकानात तेच औषध लिटरच्या डब्यात मिळालं. "कशावर मारायचंय?" दुकानदारानं विचारलं. रफीक नुसता गालात हसला. तो तरी गुपित कशाला सांगतोय! घरी येऊन त्यानं पंप भरला आणि सगळे गुलाब न्हाणून काढले.



आठव्या दिवशी एकही गुलाब उभा नव्हता, वाफ्यातली हरळी तेवढी तरारली होती, आणि जोहरानं डब्यावरचं वाचून दाखवलं: "तणनाशक. रुंद पानांची झाडे मारते, गवताला इजा नाही."